लाखकामातील रंगांची निवड

छत्तीसगडच्या वनांत पळस आणि कोशिंब या वृक्षांवर लाखेचे किडे पोसले जातात. त्यांच्या अंगातून स्रवणारी राळ म्हणजेच लाख. कातलेल्या लाकडी वस्तूंना तिच्यानेच रंग देण्याची कला कोकणात सावंतवाडीला रुजली आहे.

लेथवर फिरणाऱ्या लाकडावर कारागीर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. मग केवड्याचे पान दाबून तिला झिलई आणतात. येथे रंग लाकडात मुरत नाही, तो लाखेतच मिसळलेला असतो. म्हणून लाखेची मूळची पिवळसर तांबूस छटा प्रथम ध्यानात घ्यावी लागते. तांबडा व नारिंगी रंग तिच्यात खुलतात. निळा मात्र हिरवट दिसू लागतो.

दुसरा विचार टिकाऊपणाचा. हळदीचा पिवळा रंग उन्हात लवकर विटतो. नीळ त्यामानाने टिकते. त्यामुळे या दोहोंच्या मिश्रणाने साधलेला हिरवा रंग कालांतराने निळसर होतो. शिशाच्या क्रोमेटचा पिवळा रंग पुष्कळच पक्का असतो, परंतु तो विषारी आहे. मूल खेळणे तोंडात घालते, आणि शिसे अल्प प्रमाणातही त्याच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते.

तेव्हा खेळण्याच्या बाबतीत निर्धोकपणा आधी, पक्केपणा नंतर. विटलेल्या खेळण्यावर नवी लाख चढविता येते. मुलाच्या शरीरात गेलेले शिसे इतक्या सहजी काढता येत नाही.