मूत्रपिंडात ‘पेशींची वाढ’

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. लघवीतून प्रथिने जातात म्हणून मूत्रपिंडाची बायोप्सी केली. अहवालात ‘आयजीए नेफ्रोपथी, पेशींची वाढ’ असे लिहिले आहे. हा कर्करोग तर नाही ना?
– एक आई, सांगली

उत्तर : नाही, ताई. ती भीती आधी मनातून काढून टाका. मूत्रपिंडाच्या गाळणीत आयजीए ही प्रतिपिंडे साचली, की तिथल्या आधारपेशी संख्येने वाढतात. ही सूज आहे. तिचा त्रास पोडोसाइट पेशींनाही होतो. एरवी त्यांचे बारीक पाय बोटांत बोटे गुंफावीत तसे केशवाहिन्यांना वेढून असतात. ते चपटे झाले, की प्रथिने गळतात. वेळीच उपचार केले तर ते बऱ्याचदा सावरतात. व्रण पडलेला भाग मात्र परत येत नाही, म्हणून अहवालात व्रण किती आहेत हे डॉक्टरांना जरूर विचारा.

रक्तदाबाच्या काही गोळ्या प्रथिनांची गळतीही कमी करतात, म्हणून रक्तदाब ठीक असला तरी त्या देतात. स्टेरॉइड सगळ्यांनाच लागत नाही. सुरू केले तर परस्पर बंद करू नका. लोणचे-पापड कमी करा. अंगदुखीवर दुकानातून आणलेली गोळी किंवा कुणी सुचवलेले भस्म अजिबात नको. लघवी लालसर झाली किंवा पायांवर सूज आली, तर लगेच दाखवा.