उसाची ट्रॉली जुंपण्याआधी हूक आणि भार तपासा

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने कोल्हापूर, सांगलीपासून सोलापूर, अहिल्यानगरपर्यंतचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. हंगामाआधी ट्रॅक्टरचे ऑइल बदलले जाते, टायर पाहिले जातात, टोळीला उचल दिली जाते. हुकाकडे मात्र क्वचितच कोणी वाकून बघतो. ट्रॅक्टर किती एचपीचा आहे, यापेक्षा ट्रॉलीचा भार त्याच्यावर कुठे आणि किती पडतो, यावर चालकाचा जीव जास्त अवलंबून असतो.

चार चाकी ट्रॉलीचे वजन तिच्या स्वतःच्या दोन आसांवर राहते, हुकावर मुख्यतः ओढ येते. दोन चाकी ट्रॉलीचे तसे नाही. तिच्या वजनाचा काही भाग दांडीतून थेट ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर बसतो. तो प्रमाणात असेल तर मागच्या चाकांना पकड मिळते. जास्त झाला तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखे फिरते आणि वळणावर ट्रॅक्टर सरळ जायला बघतो. उलट ऊस आसाच्या मागे जास्त भरला तर दांडी वर उचलते, मागच्या चाकांची पकड सुटते आणि उतारावर ट्रॉली शेपूट हलवायला लागते. म्हणून मोळ्या रचताना भाराचा मध्य आसाच्या किंचित पुढे ठेवावा, आणि हे टोळीला व मुकादमाला भरणी सुरू होण्याआधीच सांगावे.

डबल ट्रॉलीत हिशेब आणखी बदलतो. समजा, पुढच्या ट्रॉलीचा आस ट्रॅक्टरच्या हुकापासून 10 फुटांवर आहे आणि तिचा मागचा हूक आसाच्या मागे 6 फुटांवर आहे. मागच्या ट्रॉलीची दांडी त्या हुकावर 500 किलो भार टाकत असेल, तर ट्रॅक्टरच्या हुकावरचा भार 300 किलोने कमी होतो. म्हणजे मागची ट्रॉली नाकावर जड भरली की पुढच्या ट्रॉलीची दांडी उचलू लागते. फडात एकेकटी नीट भरलेली वाटणारी ट्रॉली जोडीत गेल्यावर वेगळी वागते, ती यामुळे. मागच्या ट्रॉलीत पुढच्यापेक्षा जास्त ऊस कधीही भरू नये.

हे अंदाजाने कळत नाही, काट्यावर कळते. आधी एकट्या ट्रॅक्टरचे वजन घ्यावे. मग भरलेली ट्रॉली जोडलेली असताना फक्त ट्रॅक्टरची चाके काट्यावर उभी करावीत. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार. तो ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आहे का, ते पाहावे. त्यानंतर नुसती पुढची चाके काट्यावर घ्यावीत. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार तिथे हवा. 2,200 किलोच्या ट्रॅक्टरला 440 किलो. कमी भरला तर आधी ऊस पुढे-मागे करावा किंवा कमी करावा, मग पुढे लोखंडी वजने लावावीत. पुढे वजन लावून ट्रॉलीत आणखी दोन टन चढवणे हा उपाय नव्हे.

  

हूक ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या खालच्या पातळीवर, कंपनीने ठरवलेल्या जागीच असावा. भरलेली ट्रॉली जोडल्यावर तिचा तळ सपाट दिसला पाहिजे. हूक फार उंच असेल तर ट्रॉली मागे झुकते, खाली असेल तर नाक टेकवते. हुकाचे भोक लांबट झाले असेल, वेल्डिंगला तडा दिसत असेल, तर तो बदलावा. वरून पट्टी मारून चालवू नये. पिन भोकाच्या मापाचीच घ्यावी, खाली क्लिप असावी. पिनेच्या जागी सळई किंवा जुना बोल्ट घालणे आपल्याकडे सर्रास चालते. हे थांबवलेच पाहिजे. शिवाय दांडीखालून सुरक्षा साखळी हवी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली सुटून मागच्या दुचाकीवर जात नाही.

सर्वांत जास्त काळजी ट्रॅक्टर फडात रुतल्यावर घ्यावी. साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या टॉप लिंकला किंवा आसाच्या वर कुठेही बांधून ओढू नये. ओढ आसाच्या वर गेली की पुढची चाके उचलतात, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ओल्या फडातून ट्रॉल्या एकेक करून बाहेर काढाव्यात आणि पक्क्या रस्त्यावर जोडाव्यात. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेले ठेवावेत. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे उताराला लागण्याआधीच खालचा गिअर घ्यावा, न्यूट्रल कधीच नको. मागच्या ट्रॉलीचे रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकले जाणार नाहीत, हे रात्रीच्या प्रत्येक खेपेला बघावे.

कारखान्यांच्या शेती विभागांना एक विनंती आहे. गाळप सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात काही तास एक काटा ट्रॅक्टरमालकांना पुढच्या चाकांचे आणि हुकावरचे वजन तपासण्यासाठी मोकळा द्यावा.