फोर-बाय-फोर लावल्यावर वळणावर आवाज का येतो?

महिंद्रा थारसारख्या पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर ती सहज घसरत नाहीत, म्हणून शाफ्टमध्ये पीळ साचतो आणि गाडी अडखळत खट्खट् वाजते. हा बिघाड नव्हे. पण तसेच चालवत राहणे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला घातकच. चिखल, वाळू अशा निसरड्या किंवा सैल जमिनीखेरीज इतरत्र फोर-हाय (चारही चाकांना ताकद) लावूच नये. टायरही चारही एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत.

टू-हायमध्येही (फक्त मागच्या चाकांना ताकद) वळताना टकटक आली, तर संशय सीव्ही जॉइंटवर. बहुधा रबरी बूट फाटून ग्रीस गेलेले असते. गिअर टाकताना खण्ण वाजल्यास प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासावा. खोल पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ दिसले, तर लगेच बदलावे.