आज्ञावलीचा पहिला पाठ अंगणात



शाळेस मिळालेला टॅब प्रथम कपाटात जातो, अशी तक्रार शाळाभेटींत नेहमी ऐकू येते. प्रस्तुत लेखकाचा अपराध याहून मोठा आहे. एका शाळेत त्याने स्वतःच टॅबवर मांजर चालवून दाखविले. मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि तास संपला. मुलांच्या हाती काहीच आले नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञालेखनाचे, म्हणजे कोडिंगचे, उपक्रम सहावीपासूनच्या स्तरावर सुचविले आहेत. तथापि त्याची पूर्वतयारी दुसरी-तिसरीतही करता येते, आणि तीस वीज लागत नाही.

आपल्या शहरातील हिमरूचे उदाहरण घ्यावे. जकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. भोक असेल तेथे सुई आरपार जाते व तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. माळ फिरून पहिल्या पुठ्ठ्यावर आली की तीच नक्षी पुन्हा उमटते. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास सिद्ध झालेली ही युक्ती आहे. पुठ्ठा सांगतो तेवढेच माग करतो. विणकराच्या मनातले त्यास कळत नाही. मुलांना प्रथम उमजावयाचे ते हेच.

यासाठी अंगणात खडूने पाच बाय पाच चौकटी आखाव्यात. एका कोपऱ्यात एक मूल उभे करावे, दुसरीकडे तांब्या ठेवावा. इतरांनी पाटीवर आज्ञा लिहाव्यात. आज्ञा तीनच: पुढे एक घर, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. चालणाऱ्याने आपली अक्कल मुळीच चालवू नये. 'वळ' म्हटल्यास जागच्या जागी वळावे, पाऊल टाकू नये. थोड्याच वेळात घोटाळा होतो, कारण समोर उभ्या मुलाची उजवी बाजू आपली डावी असते. येथे शिक्षकाने गप्प राहावे, हे सर्वांत कठीण. चूक चालणाऱ्याची नसून पाटीवरील कोणत्या ओळीत आहे, हे मुलांनीच शोधावे. 1967 साली अमेरिकेत सीमूर पेपर्ट प्रभृतींनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा रचली. तीत आज्ञेने चालणारे एक कासव पुढे आले. पेपर्ट मुलांना स्वतःच कासव होऊन चालावयास सांगत.

त्यानंतर टॅब काढावा. 'स्क्रॅच ज्युनिअर' हे पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी असून त्यातील आज्ञा चित्रांच्या आहेत, त्यामुळे वाचनात मागे असलेले मूलही मागे राहत नाही. मात्र तेथे उजवीकडचा बाण म्हणजे पडद्याची उजवी बाजू. अंगणातले 'वळ' निराळे. हा भेद आधी सांगावा. टॅब एक व मुले चाळीस असल्यास पाट्या आधी लिहून घ्याव्यात व गटागटाने तपासाव्यात. पडद्यावर बोट नेहमी त्याच एका चुणचुणीत मुलाचे राहते आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात, याकडे लक्ष असावे.

यंत्ररचनेसाठी पाणचक्कीची सहल उत्तम. तेथे पाण्याच्या धारेने खालचे चाक फिरते व त्याबरोबर वरचे जाते. परतल्यावर पुठ्ठ्याचे चाक व सायकलच्या आऱ्याचा आस करून धारेखाली धरावा. फिरले नाही, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पुढील शिक्षण परिषदेस मुलांच्या आज्ञांचे कागद आणावेत. खाडाखोड तशीच राहू द्यावी. स्वच्छ प्रती करू नयेत.