शिबिराचे स्वयंपाकघर आणि भत्तुद्देसक

श्रामणेर शिबिर घ्यायचे ठरले की आपण प्रथम भन्तेंची तारीख घेतो. मग मंडप, चीवरे, पुस्तके. स्वयंपाकघराचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि तोही "बायका करतील" एवढ्या दोनच शब्दांत. आम्ही स्वतः ही चूक केली आहे, म्हणूनच हा विषय अभ्यासासाठी घेतला.

विनयपिटकातील चुल्लवग्गात याविषयी मोठा उद्बोधक भाग आहे. राजगृहात धान्याची टंचाई पडली. सर्व संघाला एकदम भोजन देणे लोकांना जमेना. तेव्हा मोजक्या भिक्खूंना निमंत्रण देणे, शलाका काढून भोजन देणे असे प्रकार भगवान बुद्धांनी मान्य केले. पण सहा भिक्खूंच्या एका टोळीने चांगले चांगले स्वतःकडे ठेवून हलके अन्न इतरांना दिले. त्यावर भत्तुद्देसक, म्हणजे भोजनाची वाटणी ठरवणारा, नेमण्यात आला. त्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याने आवडीने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भीतीने पक्षपात करू नये आणि कोणाला दिले, कोणाला राहिले हे त्याला ठाऊक असावे. शलाकांवर खूण करून, त्या एकत्र मिसळून मगच वाटाव्यात, असेही तेथे आहे. म्हणजे चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आपल्या घरचीच आहे!

हे काम निष्कलंकपणे करणाऱ्या दब्ब मल्लपुत्तांवरही हलके अन्न वाट्याला आलेल्या दोन भिक्खूंनी रागाने खोटा आळ घेतला होता. तेव्हा भाजीत मीठ कमी पडल्यावर बोलणी खाणाऱ्या कार्यकर्त्याने फार मनाला लावून घेऊ नये.

आता आमचा अनुभव. दहा दिवसांचे शिबिर, पाच भन्ते, सत्तर श्रामणेर आणि कार्यकर्ते धरून नव्वद माणसे. तिसऱ्या दिवशी साडेदहाला सिलिंडर संपले आणि दुसरे भरलेले आणलेच नव्हते. पंगत बसली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. विकाल भोजन न करण्याचे शील सर्वांनी घेतलेले. आमच्यातल्या एका हुशार सभासदाने हिशेब मांडला की मुंबईत सूर्याचे मध्यान्ह बारा वाजून वीस मिनिटांनंतरच होते. हिशेब बरोबर होता, पण भन्ते घड्याळाचे बारा पाळत. त्यांनी लहान मुलांना जेवू दिले आणि स्वतः पाचही जण दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत उपाशी राहिले. त्या दिवशी आम्हांलाही घास उतरला नाही.

याहून मोठी चूक आम्हांला समारोपाच्या दिवशी कळली. दहाही दिवस कणीक मळणाऱ्या एका वयस्क मावशींनी विचारले, "भाऊ, भन्तेंनी काय काय शिकवलं?" मंडप चुलीपासून तीस पावलांवर होता. त्यांच्या कानावर एक प्रवचन पडले नव्हते.

खरे तर शिबिरात रात्रीचे जेवण नसते. एकनंतर चूल थंडच. तरीही बायका पाच वाजेपर्यंत का अडकत होत्या? कारण भांडी त्यांच्याकडे, निवडणे त्यांच्याकडे, आणि पुरुष मंडळी ध्यानाला. पुढच्या वर्षी आम्ही सर्वांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. अध्यक्षांच्या वाट्याला पातेली आली. ती त्यांनी घासली, फार स्वच्छ नव्हे, पण घासली. भांडी दोनच्या आत संपवायची आणि दोनच्या प्रवचनाला सर्वांनी बसायचे, असा नियम केला.

नव्वद माणसांच्या एका जेवणाला नऊ किलो तांदूळ, चार किलो तूरडाळ, नऊ किलो कणीक आणि बारा किलो भाजी पुरते. सकाळच्या पोह्यांना सात किलो. चूल साडेचारला पेटवावी, डाळ आठला चढवावी, भात सर्वांत शेवटी. पावणेअकराला सर्व तयार आणि अकराला पंगत. भरलेले सिलिंडर नेहमी एक जास्त ठेवावे. उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकण्याचा मोह टाळावा. तासन्‌तास कोमट राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते पुन्हा गरम करून जात नाही. संध्याकाळी गाळलेला फळांचा रस किंवा लिंबू सरबत द्यावे. दुधाच्या चहाबद्दल परंपरांत एकमत नाही, भन्तेंना आधीच विचारावे. कोठीतून निघालेला शिधा रोजच्या रोज वहीत लिहावा. बँकेतल्या सवयीने आम्ही रोज रात्री शिल्लक जुळवत असू आणि त्यावरून आमची थट्टाही होई, पण साखर कमी भरली तेव्हा तीच वही कामी आली. कोणावर संशय घेण्याची वेळ आली नाही; एक दिवस सरबत दोनदा झाले होते.

दुसऱ्या वर्षी मावशींची चिठ्ठी फक्त तीन दिवस निघाली. बाकीचे दिवस त्या मंडपात पहिल्या ओळीत बसल्या. पहिल्या दिवशी प्रवचनात त्यांना चक्क झोप लागली. भन्तेंनी उठवू दिले नाही.