भरवेली ते तारकर्ली : समुद्रकाठच्या मुक्कामाचे नियोजन

बालाघाट जिल्ह्यातील भरवेली हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. येथील माणसांना जमिनीच्या पोटातील वाटा परिचित आहेत. वैनगंगेचा पूर कसा चढतो व कसा ओसरतो, हेही त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. समुद्र मात्र येथून दूर आहे. वैनगंगेचे पाणी वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाते. मराठी कुटुंबांची ओढ मात्र पश्चिमेकडे, कोकणाकडे असते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तरी गोंदियाशी असलेली सोयरीक, बाजारहाट व रेल्वेचा संबंध तुटलेला नाही. कोकणची वाटही गोंदियावरूनच जाते.

किनाऱ्यालगतच्या कोकणी घरात, तंबूत किंवा राहण्याची सोय असलेल्या मोटारगाडीत चार रात्री काढाव्यात, अशी इच्छा आता खेड्यांतील शिक्षक व कामगार कुटुंबांतूनही व्यक्त होऊ लागली आहे. अशा मुक्कामाची आखणी कशी करावी, याचा येथे विचार केला आहे.

काळ व प्रवास

समुद्रकाठच्या मुक्कामास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात.

गोंदियाहून कोल्हापूरपर्यंत महाराष्ट्र एक्सप्रेस ही थेट गाडी धावते. सकाळी निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी कोल्हापुरास पोहोचतो. तेथून एस. टी. ने घाट उतरून मालवण गाठता येते. मालवणपासून तारकर्ली काही किलोमीटरवर आहे. दुसरा मार्ग मुंबईचा. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस जाऊन कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे.

जाण्यास दोन व येण्यास दोन दिवस लागतातच. कोल्हापुरास जाताना व येताना एकेक रात्र विश्रांती धरल्यास आठ दिवसांच्या रजेत किनाऱ्यावर तीन रात्री मिळतात. याहून अधिक ठिकाणे एका सहलीत कोंबू नयेत. तारकर्ली, गणपतीपुळे व वेळास तिन्ही पाहण्याचा हट्ट धरला, तर सहलीचा बहुतेक वेळ गाडीतच जातो.

घर, तंबू की फिरते घर?

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. महामंडळाची निवासस्थाने तारकर्ली व गणपतीपुळे येथे आहेत. याखेरीज गावकऱ्यांच्या घरी न्याहारी-निवासाची सोय होते. लहान मुले व वृद्ध बरोबर असल्यास पक्के छप्पर असलेले घरच निवडावे. तंबू घेतल्यास तो भरतीच्या खुणेपासून बराच वर, परवानगी असलेल्या जागीच उभारावा. वाळूवर जेथे शेवाळ, काटक्या व शिंपल्यांची ओळ दिसते, तेथपर्यंत पाणी येऊन गेले आहे असे समजावे. उधाणाच्या दिवशी ते त्याहून वर येऊ शकते.

फिरत्या घरासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आहे. अशी गाडी भाड्याने घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. गाडीचा परवाना व कर दोन्ही राज्यांसाठी भरलेला आहे काय? रात्री उभी करण्यास वीज व पाणी असलेली जागा निश्चित आहे काय? शौचालयाची टाकी कोठे रिकामी करावयाची? आणि घाटात गाडी चालविण्याचा चालकास अनुभव आहे काय? भरवेलीहून हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक पडते. कोकणातील गावरस्ते अरुंद असून दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असतात. म्हणून रेल्वेने जाऊन गाडी कोल्हापुरात किंवा जवळपास मिळते का, हे आधी पाहावे. कोणतीही गाडी पुळणीवर उतरवू नये. ओल्या वाळूत चाके रुतली आणि भरती सुरू झाली, तर गाडी वाचविणे कठीण होते.

भरती-ओहोटीचा हिशेब

नदीकाठच्या माणसाचा अनुभव समुद्रावर पुरा पडत नाही. नदी एकाच दिशेने वाहते. समुद्राचे पाणी मात्र दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येते. तेव्हा पाणी अधिक चढते व अधिक उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. त्यास भांग म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना अदमास आहे. पंचांगातील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती व नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेस भरती बाराच्या आसपास येते. कृष्णपक्षात हीच गणना पुन्हा प्रतिपदेपासून करावी. हा केवळ अदमास आहे. बंदरांनुसार त्यात तासाभराहून अधिक फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ स्थानिक कोळी बांधवांस विचारूनच निश्चित करावी. शिक्षकांनी निघण्यापूर्वी पंचांगावरून मुलांकडून तीन दिवसांचे कोष्टक करवून घ्यावे आणि तेथे प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहावे. भूगोलाचा हा धडा मुले विसरणार नाहीत.

पाण्यात उतरताना

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. ही घटना सहल नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी. नदीत पट्टीचा पोहणारा असलेला माणूसही समुद्रात सुरक्षित असतोच असे नाही. पाणी उतरत असताना, अंधार पडल्यावर किंवा जेवणानंतर लगेच पाण्यात उतरू नये. गुडघ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नये. मुलांच्या प्रत्येक लहान गटावर एक मोठा माणूस नेमावा व उतरण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर संख्या मोजावी. एखादा आत ओढला जात असल्यास त्याने प्रवाहाविरुद्ध झगडून दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे. काठावरच्यांनी साखळी करून आत धावू नये. दोर किंवा रिकामा डबा फेकावा आणि कोळ्यांना हाक द्यावी. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीने जाताना संरक्षक जाकीट घातल्याखेरीज बसू नये व क्षमतेहून अधिक माणसे भरलेली होडी सोडून द्यावी.

किनाऱ्याचे आपल्यावर ऋण

हिवाळ्यात वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. प्रखर दिव्यांनी माद्या बिचकतात व पिल्लांची दिशा चुकते. म्हणून रात्री पुळणीवर शेकोटी वा विजेऱ्या लावू नयेत. नेलेला कचरा पिशवीत भरून परत आणावा. कोळ्यांची जाळी वाळत असतील, तेथून वाट काढू नये.

मालवणची जेटी, सुरूची बने आणि १६६४ मध्ये ज्याच्या बांधकामास प्रारंभ झाला तो सिंधुदुर्ग किल्ला पाहून कुटुंब गोंदियाच्या गाडीत बसेल, तेव्हा निघताना मोजलेली संख्या परतताना तेवढीच भरली पाहिजे. नियोजनाचा सारा खटाटोप त्याकरिताच आहे.