आराम पडला... पण कशानं?

"आरं, पायाला निखारं बांधल्यागत होतंय बघ. रातच्याला पांघरूण सुदिक सोसत न्हाय."

दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो तर दारातच हे ऐकायला मिळालं. मामांचं गाव पाचगणीच्या जवळ. दोन एकर स्ट्रॉबेरी, समोर सिल्व्हर ओकची झाडं, थंडगार हवा. तिथं जायचं म्हणजे खाणं, झोपणं आणि टेबललँडवर हुंदडणं एवढाच आमचा कार्यक्रम! पण या वेळी रंग वेगळा होता. मामांना टीबी निघाला होता. उपचाराचा तिसरा महिना चालू होता. खोकला थांबलेला, वजनही वाढलेलं. फक्त तळपायांची आग आणि मुंग्या. पायातली चप्पल निसटली तरी कळायचं नाही.

मामांनी निर्णय घेऊन टाकला होता. "खोकला गेला. आता त्या गोळ्या बंद. त्यांनीच पायाची वाट लावली."

फळीवर एक तेलाची बाटली आणि थरथरणारा एक पट्टा दिसला. बाजारात कुणीतरी एक दिवसाचं 'नसांचं शिबिर' भरवलं होतं, तिथून अडीच हजाराला आणलेला. मामी म्हणाली, "शेजारच्या आण्णांना त्यानं आराम पडला म्हणं."

मित्रांनो, टीबीच्या गोळ्या अर्धवट सोडल्या तर आजार उलटतो आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्यांना दाद देईल याची खात्री नसते. म्हणजे प्रश्न पायाचा नव्हता, जिवाचा होता. मी पडलो मेकॅनिकलचा! औषधातलं मला ओ की ठो कळत नाही. पण प्रॅक्टिकलला सर एक प्रश्न हमखास विचारतात, "रीडिंग घेतलंस, पण कशाच्या तुलनेत?" तोच प्रश्न घेऊन मी सुट्टीभर वाचत बसलो. जे कळलं ते इथं मांडतो.

पाचगणीची हवा

गंमत म्हणजे हा प्रश्न पाचगणीला नवा नाही. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथं क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनिटोरियम सुरू केलं. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. काही जण बरे होऊन घाट उतरायचे, काहींना ते नशिबात नसायचं. बरे झाले ते हवेनं बरे झाले, की एरवीही झाले असते? तुलना नसल्यामुळे सांगणं कठीण.

ही तुलना ब्रिटनमध्ये झाली, १९४८ साली निकाल छापून आला. टीबीच्या १०७ रोग्यांची विभागणी बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्यांवरून केली. ५५ जणांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. चिठ्ठ्या कशासाठी? कारण डॉक्टरही माणूसच. त्याच्या हातात निवड दिली तर नकळत धडधाकट रोगी नव्या औषधाकडे जातील आणि यश औषधाच्या नावावर जमा होईल.

आपल्याकडचा प्रयोग तर आणखी भारी. १९५६ पासून मद्रासमध्ये १९३ रोग्यांना तीच औषधं देऊन काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या गरीब घरांतच. निकाल जवळजवळ सारखे! पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही घरी राहिलेले मागे पडले नाहीत. म्हणजे खरं काम गोळ्या करत होत्या. आज मामा स्वतःच्या घरी राहून उपचार घेऊ शकतात, त्याचं मूळ या प्रयोगात आहे.

गोळी आणि तिची किंमत

त्या गोळ्यांपैकी एक आयसोनियाझिड. १९५२ पासून वापरात आहे आणि आजही उपचाराचा कणा आहे. पण ती शरीरातल्या बी-६ जीवनसत्त्वाला म्हणजे पायरिडॉक्सिनला निकामी करते. बी-६ कमी पडलं की मज्जातंतू कुरकुरायला लागतात. सुरुवात पायापासून, कारण सगळ्यात लांब तंतू तिथं जातात. लांबलचक केबलच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज आधी पडतं, तसंच काहीसं समजा. काहींचं शरीर हे औषध सावकाश निकामी करतं, त्यांना हा त्रास जास्त. आपल्या देशात अशी माणसं निम्म्याहून अधिक आहेत. त्यात मधुमेह, दारू किंवा कुपोषण असेल तर भरच पडते.

यावरचा उपाय शोधण्यातही मद्रासचं तेच केंद्र पुढे होतं. १९६३ साली त्यांनी दाखवून दिलं की रोज फक्त ६ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन जोडीला दिलं तरी हा त्रास टाळता येतो. चणाफुटाण्याच्या भावातली गोळी!

"मग मूठभर खाल्ल्या तर?" असं आमच्या रूम पार्टनरनं विचारलंच. १९८३ साली अमेरिकेत सात रोग्यांची हकिकत छापून आली. रोज काही ग्रॅम, म्हणजे शेकडो पटींनी जास्त बी-६ घेऊन त्यांनी स्वतःच्याच नसा बिघडवून घेतल्या होत्या. तेव्हा जीवनसत्त्व आहे म्हणून काय झालं, डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही

बेल-एअरची कहाणी टीबीपाशी थांबली नाही. १९९० च्या दशकापासून तिथं एचआयव्हीच्या रोग्यांची सेवा सुरू झाली. एचआयव्हीमुळेही पायाच्या नसा दुखतात. शिवाय पूर्वी सर्रास दिलं जाणारं स्टॅव्हुडिन हे औषध नसांना अपाय करायचं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं.

आता नसांच्या दुखण्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलिन नावाचं जुनं, स्वस्त औषध आहे. मुळात नैराश्यावरचं, पण मधुमेहानं नसा दुखतात तेव्हा उपयोगी पडतं. मग एचआयव्हीच्या दुखण्यालाही चालेल? सगळ्यांना वाटलं, चालेल. १९९८ साली २५० रोग्यांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि अ‍ॅक्युपंक्चर, दोन्ही लटक्या उपचारापेक्षा सरस ठरले नाहीत. लटक्या गोळीनंही लोकांना आराम पडला होता! कारण दुखणं आपणहून कमी-जास्त होत असतं, आणि कुणीतरी आपली काळजी घेतंय या भावनेनंही बरं वाटतं.

तसंच प्रिगॅबालिनचं. मधुमेहातल्या किंवा नागिणीनंतरच्या नसांच्या वेदनेत ते काहींना उपयोगी पडतं. पण कमरेतून पायात जाणाऱ्या कळेवर, म्हणजे सायटिकावर, २०१७ सालच्या २०९ रोग्यांच्या प्रयोगात ते लटक्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. (बाइकवर गावी जाणाऱ्या कंबरदुख्यांनी मित्राची गोळी मागून खाण्याआधी हे लक्षात ठेवावं.)

आणि चांगल्या औषधाची ताकद तरी किती? २०१५ साली २२९ प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला गेला. अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गटातली औषधं साधारण चार जणांना द्यावी, तेव्हा लटक्या गोळीच्या तुलनेत एका जादा माणसाचं दुखणं निम्म्यानं उतरतं. प्रिगॅबालिन साधारण आठ जणांना द्यावं लागतं. म्हणजे 'रामबाण' काहीच नाही. जो शंभर टक्के खात्री देतो, त्याच्यापासून खिसा सांभाळावा हे उत्तम.

मामांचं काय झालं?

एवढं वाचून मी मामांना म्हटलं, "मामा, गोळ्या बंद करायच्या तर करा, पण आधी डॉक्टरांना विचारून." बरीच बाचाबाची झाली. शेवटी मामींनी डोळे वटारले आणि आम्ही आरोग्य केंद्रात गेलो.

डॉक्टर मॅडमनी पायाला टाचणी टोचून पाहिली, साखर तपासली आणि सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. एक पाकीट जवळजवळ भरलेलंच होतं.

"ही का नाही घेतली?"

मामा खाली बघत म्हणाले, "ती व्हिटॅमिनची हुती. म्हटलं, एवढ्या गोळ्यांत ती कशाला?"

तीच पायरिडॉक्सिन!

साखरही वाढलेली निघाली. मॅडमनी टीबीच्या गोळ्या चालूच ठेवल्या, बी-६ पुन्हा सुरू केलं आणि साखरेचं औषध बदललं. पाय रोज तपासायला सांगितले आणि अनवाणी शेतात जायला बंदी घातली. दीड महिन्यानं मामांचा फोन आला, "आग निम्मी झाली रं. आता पांघरूण घेऊन झोपतो." मुंग्या अजून आहेत, पण गोळ्यांचा एकही दिवस चुकलेला नाही.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, "बघा, बी-६ नं काम केलं!" पण मीच मला विचारलं, कशाच्या तुलनेत? साखरही त्याच काळात उतरली होती. मामी रोज रात्री पाय बघत होती. आणि हो, मामा तो पट्टाही अजून लावतात! एकट्या मामांवरून काहीच सिद्ध होत नाही. बी-६ वर माझा विश्वास आहे तो मद्रासच्या त्या रोग्यांमुळे, मामांमुळे नाही.

थोडक्यात काय, कुणी "आराम पडला" म्हणालं की चार गोष्टी विचाराव्यात. कशाच्या तुलनेत? किती जणांत? नेमक्या याच आजारात? आणि त्याची किंमत काय, पैशात आणि शरीरात? व्हायव्हाला हे प्रश्न आपल्याला छळतात खरे, पण घरचं माणूस एखादी गोळी सोडायला निघतं तेव्हा तेच उपयोगी पडतात.

आणि एक राहिलंच. तुमच्या घरी कुणाच्या पाकिटात एखादी 'उगाचची' छोटी गोळी पडून असेल, तर ती टाकून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, ती कशासाठी आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी